अंगणातला झेंडू



दसरा आला की घरोघर झेंडू लागतो. दाराला तोरण लागते. नांगराला, विळ्याला, शिवणयंत्राला फूल वाहतात. गाडीला माळ घालतात. बैलाच्या गळ्यातही माळ असते. त्या एका दिवसासाठी आपण बाजारात जातो आणि मिळेल त्या भावाने फुले आणतो. आदल्या संध्याकाळी भाव चढलेला असतो. घासाघीस करायला वेळ नसतो. घरी येऊन पाहावे तो पिशवीतली निम्मी फुले दबलेली!

हाच झेंडू आपल्या अंगणात सहज येतो. त्याला विहीर लागत नाही, औत लागत नाही. नऊ फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढी जागा पुरे. न्हाणीचे पाणी पुरते. मग आपण तो का लावत नाही?

पुष्कळजण लावतात. पण बऱ्याच घरी फुले येतात ती दसरा होऊन गेल्यावर. वरातीमागून घोडे! झाड चांगले, माती चांगली, फक्त दिवस चुकलेला. या धड्यात मुख्य गोष्ट तीच आहे. झेंडू लावणे सोपे आहे. दिवस धरणे महत्त्वाचे आहे. आता आपल्याला आकडे वाचता येतात, दिनदर्शिका वाचता येते. तेव्हा दिवस चुकायचे कारण नाही.

१. एका हंगामाचे झाड

काही झाडे वर्षानुवर्षे जगतात. आंबा, जास्वंद, मोगरा ही त्यांतली. शेवंतीसुद्धा तशीच. तिचे फूल संपले तरी बुडाशी मुनवे फुटतात. ते काढून लावले की पुन्हा शेवंती होते.

झेंडूचे तसे नाही. तो एका हंगामाचा पाहुणा. बी रुजते, रोप वाढते, फूल येते, बी पिकते आणि झाड वाळून जाते. चार-पाच महिन्यांत त्याचा सारा जन्म आटोपतो. अशा झाडांना वर्षायू झाडे म्हणतात. ज्वारी, बाजरी, हरभरा ही पिकेही वर्षायूच आहेत.

ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सारे समजते. झाडाला थोडा वेळ आहे. त्या वेळात त्याला बी करायचे आहे. फूल हे बी करण्यासाठीच आहे. शेंडा कधी खुडावा, फुले का तोडावीत, बी कधी धरावे, या सगळ्याचे उत्तर यातच आहे.

२. एका फुलात किती फुले?

झेंडूचे एक टपोरे फूल घ्या. त्याच्या खालची हिरवी वाटी नखाने उभी फाडा. आत पाहा. आपण जिला पाकळी म्हणतो, तिच्या बुडाशी एक बारीक काडी दिसेल. ती काडी म्हणजे उद्याचे बी. म्हणजे ती नुसती पाकळी नव्हे. ते एक पुरे फूल आहे. अशी शंभरावर लहान फुले एका वाटीत दाटीने बसलेली असतात. लांबून आपल्याला ते एकच फूल वाटते.

सूर्यफूल असेच असते. शेवंती, अ‍ॅस्टर, करडई आणि कारळे यांचेही तसेच. ही सारी एका कुळातली भावंडे आहेत. करडईचे आणि कारळ्याचे बोंड तुम्ही फोडून पाहिले असेल. एका बोंडात पुष्कळ बी निघते, ते याचमुळे.

झेंडू मूळचा आपल्याकडचा नाही. तो मेक्सिको देशाकडचा. तो देश अमेरिका खंडात आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी लोकांबरोबर तो हिंदुस्थानात आला असे मानतात. मेक्सिकोचे लोक दर वर्षी १ आणि २ नोव्हेंबरला आपल्या मेलेल्या माणसांची आठवण करतात. त्या वेळी ते थडग्यांवर झेंडूची फुले वाहतात. तिथल्या जुन्या भाषेत झेंडूच्या नावाचा अर्थ ‘वीस फुले’ असा होतो. वीस म्हणजे पुष्कळ. एका फुलात पुष्कळ फुले आहेत हे त्या लोकांनी फार पूर्वीच पाहिले होते.

आपल्याकडे झेंडूचे दोन प्रकार दिसतात. एक उंच वाढतो. त्याची फुले मोठी, पिवळी किंवा केशरी. त्याला आफ्रिकन झेंडू म्हणतात. दुसरा ठेंगणा. त्याची फुले लहान, तांबूस, मखमलीसारखी. त्याला फ्रेंच झेंडू म्हणतात. नावे तशी पडली, पण एकही आफ्रिकेतला नाही आणि फ्रान्समधलाही नाही. दोन्ही मेक्सिकोच्या बाजूचेच. तोरणाला मोठा झेंडू बरा. कुंडीत आणि वाफ्याच्या कडेला लहान शोभतो.

३. दिवस मागे मोजावे

आता कामाची गोष्ट. दसरा दर वर्षी एकाच तारखेला येत नाही. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला. २०२६ साली तो २० ऑक्टोबरला आहे. मध्ये अठरा दिवसांचा फरक. असे का? २०२६ साली अधिक महिना आहे, म्हणून पुढचे सण पुढे गेले.

‘दर वर्षी मृगाचा पाऊस पडला की बी टाकायचे,’ अशी आपली रीत. पण दसरा पुढेमागे झाला म्हणजे ही रीत चुकते. म्हणून आधी दसऱ्याची तारीख पाहावी. मग तिथून दिवस मागे मोजावे.

मोठ्या झेंडूला बी पेरल्यापासून फुलांचा भर येईपर्यंत साधारण ११० दिवस धरावेत. यात शेंडा खुडण्याचे दिवसही आले. २०२६ सालचा हिशेब करून पाहू.

दसरा २० ऑक्टोबरला.
ऑक्टोबरचे दिवस २०.
सप्टेंबरचे दिवस ३०. झाले ५०.
ऑगस्टचे दिवस ३१. झाले ८१.
अजून २९ दिवस पाहिजेत. ते जुलैतले.
३१ मधून २९ गेले. राहिले २.

म्हणजे २ जुलैला बी पेरावे. २०२५ साली हाच हिशेब केला तर १४ जून येतो. पाहा, अठरा दिवस पुढे गेले!

पण एक लक्षात ठेवा. सगळ्या वाणांचे दिवस सारखे नसतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा नारंगी गेंदा’ आणि ‘पुसा बसंती गेंदा’ असे दोन वाण काढले आहेत. त्यांना फूल यायला १२० दिवसांहून अधिक लागतात. काही संकरित वाण त्याच्या पुष्कळ आधी फुलतात. म्हणून बियांचे पाकीट घेताना त्यावर छापलेले वाचावे. किती दिवसांत फूल येते, बी कोणत्या साली भरले, किती टक्के उगवते, हे पाकिटावर असते. दुकानदार सांगेल ते ऐकावे, पण पाकीट स्वतः वाचून घ्यावे.

४. बी पेरणे

बारा झाडे आपल्याला पुरेत. त्यासाठी चाळीस बिया पेराव्यात. काही उगवणार नाहीत, काही कोलमडतील. झेंडूचे बी फार हलके असते. एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया बसतात. तेव्हा चिमूटभर बी पुष्कळ झाले.

जुना पत्र्याचा डबा किंवा पसरट कुंडी घ्यावी. बुडाला भोके पाडावीत. दोन भाग चाळलेली माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू मिसळून भरावी. वर बोटाने उथळ रेघा ओढाव्यात. दोन रेघांत तीन बोटे अंतर ठेवावे. बी रेघेत एकेक टाकावे. वर मातीचा पातळ थर द्यावा. खोल गाडू नये. खोल गेलेले बी वर यायला धडपडते आणि थकते.

पाणी झारीने किंवा हाताने शिंपडावे. तांब्याने ओतू नये. ओतले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमा होते. पाचसहा दिवसांत कोंब दिसतात.

पावसाळ्याचे दिवस असतात. डबा वळचणीखाली ठेवू नये. वरची धार थेट रोपांवर पडते. उजेड मिळेल पण मुसळधार पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवावा. सारखी ओल राहिली तर रोपे बुडाशी काळी पडतात आणि मान टाकतात. याला रोपमर म्हणतात. यावर उपाय एकच. दाटी कमी करावी, पाणी बेताने द्यावे.

५. लावणी

पंचवीस-तीस दिवसांत रोप वीतभर होते. त्याला चारपाच पाने येतात. मग ते जमिनीत लावावे.

जागा उन्हाची पाहिजे. दिवसातून सहा तास तरी ऊन हवे. सावलीत झेंडू उंच वाढतो, पण फूल धरत नाही. भिंतीच्या उत्तरेला आणि चिंचेखाली लावून उपयोग नाही.

झेंडूला माती कसलीही चालते. मुरमाड चालते, काळी चालते. पण पाणी साचलेले चालत नाही. एक दिवस मुळाशी पाणी तुंबले की पाने पिवळी पडतात. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. कोकणात पाऊस जोराचा असतो. तिथे तो आणखी चार बोटे उंच असावा. वाफ्याच्या कडेने पाणी वाहून जायला चर ठेवावा.

वाफ्यात दोन पाट्या कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. त्याने हुमणी आणि वाळवी येते.

वाफा नऊ फूट लांब, तीन फूट रुंद. त्यात दोन ओळी. ओळीत सहा झाडे. दोन झाडांत एक हात अंतर. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे दीड फूट. आज रोपे लहान दिसतात. मध्ये पुष्कळ जागा रिकामी वाटते. तिथे आणखी रोपे कोंबण्याचा मोह होतो. तो आवरावा. दोन महिन्यांनी झाडे एकमेकांना भिडतात. दाटीत वारा खेळत नाही आणि पानांवर करपा येतो.

लावणी संध्याकाळी करावी. रोप मुळाशी मातीचा गोळा ठेवून उचलावे. लावून झाल्यावर बुडाशी माती दाबावी आणि लगेच पाणी द्यावे.

६. शेंडा खुडणे

लावणीनंतर तीन आठवड्यांनी झाड हातभर होते. मधला शेंडा जोमाने वर जात असतो. त्याच्या टोकाला पहिली कळी दिसू लागते. आता मन घट्ट करायचे आणि तो शेंडा दोन बोटे खुडायचा.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, आलेली कळी खुडायची? हा कसला शहाणपणा?’

ऐका. शेंडा खुडला नाही तर झाड एकाच दांड्यावर वाढते. वर एक मोठे फूल येते. बाजूला थोडी फुले येतात. वाऱ्याने झाड लोळते. शेंडा खुडला म्हणजे पानापानाच्या बेचक्यातून फांद्या फुटतात. झाड झुडपासारखे होते. प्रत्येक फांदीला फूल येते. एका कळीच्या बदल्यात दहा कळ्या मिळतात.

याला मोल पडते ते दिवसांचे. फूल आठ-दहा दिवस उशिरा येते. ते दिवस आपण आधीच हिशेबात धरले आहेत. ज्याने बी उशिरा पेरले त्याने शेंडा खुडू नये. थोडी का होईना, फुले वेळेवर तरी मिळतील.

खुडलेला शेंडा फेकू नका. बोटभर लांब असेल तर त्याची खालची पाने काढा. ओल्या वाळूत सावलीला खोचून ठेवा. दहा-पंधरा दिवसांत त्याला मुळ्या फुटतात. ते झाड ठेंगणे राहते, पण फुलते. कुंडीला असे झाड छान. विकतचे बी न घेता चार झाडे वाढली.

७. पाणी आणि खत

पावसात पाणी द्यावे लागत नाही. मध्ये आठ दिवस उघडीप पडली तर द्यावे. पाऊस संपला की आठवड्यातून एकदा-दोनदा पुरते. बोट मातीत खुपसून पाहावे. बोटाच्या पेरापर्यंत कोरडे लागले तर पाणी द्यावे.

अंघोळीचे आणि भाजी धुतलेले पाणी चालते. कपडे धुण्याच्या पुडीचे पाणी घालू नये. त्याने मुळे जळतात आणि माती कडक होते. पाणी बुडाशी घालावे. फुलांवर ओतले तर फुले सडतात.

महिन्याने बुडाला मातीची भर द्यावी आणि ओंजळभर शेणखत घालावे. युरियाचा हात आखडता ठेवावा. युरिया जास्त झाला म्हणजे झाड हिरवेगार होते, अंगाने भरते, पण फुलत नाही. शेजारी झाडाची वाहवा करतात आणि तोरणाला फूल मिळत नाही! झाडे भारी झाली की शेजारी एक काठी रोवून सैल बांधावे.

८. कीड आणि रोग

रोज सकाळी वाफ्याशी उभे राहून झाडांकडे नुसते पाहावे. पानाची खालची बाजूही पाहावी. कीड तिथेच लपते. लवकर दिसली तर हातानेच आटोपते.

केसाळ अळी दिसली तर काडीने काढून साबणाच्या पाण्यात टाकावी. कळी पोखरलेली दिसली तर ती कळी अळीसकट तोडून नष्ट करावी.

पावसाने ताण दिला की लाल कोळी येतो. तो डोळ्याला जेमतेम दिसतो. पाने फिकट, धुळीने माखल्यासारखी होतात. खाली बारीक जाळे असते. पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारावा. दोनतीन दिवसांनी पुन्हा मारावा.

मावा किंवा फुलकिडे आले तर निंबोळीचा अर्क करावा. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून एक लीटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी फडक्याने गाळावे. त्यात साबणाचा थोडा चुरा मिसळावा. संध्याकाळी फवारावे. अर्क त्याच दिवशी वापरावा.

पानांवर काळे-तपकिरी ठिपके पडले तर तो करपा. अशी पाने काढून जाळावीत. एखादे झाड मुळाशी कुजून वाळले तर ते मातीसकट उपटून लांब टाकावे. तिथे लगेच दुसरे लावू नये.

अंगणात मुले खेळतात, कोंबड्या चरतात. बारा झाडांसाठी विषारी औषध घरात आणू नये.

९. फुले तोडणे

फूल पुरते उमलले म्हणजे तोडावे. सकाळी दव वाळल्यावर किंवा ऊन उतरल्यावर तोडावे. थोडा देठ ठेवावा. तोरणासाठी आदल्या दिवशी फुले तोडून ओल्या फडक्यावर पसरून गारव्याला ठेवावीत. ढीग करू नये. पिशवीत बांधू नये.

फुले तोडत राहिले म्हणजे झाड फुलत राहते. का? मागे आपण पाहिले. झाडाला बी करायचे आहे. बी तयार झाले की त्याचे काम संपले. मग ते वाळते. आपण फूल तोडतो तेव्हा त्याचे बी राहून जाते. म्हणून ते पुन्हा फूल काढते. तेव्हा सुकलेली फुले झाडावर ठेवू नका. आठ दिवसांनी एकदा सगळी काढा. दसऱ्याला सुरू झालेली झाडे दिवाळीपर्यंत फुले देतील.

१०. बी धरणे

आता मात्र उलटे करायचे. दिवाळी झाली की त्यांतली दोनतीन उत्तम झाडे निवडावी. ज्यांची फुले टपोरी, रंग चांगला, अंगावर रोग नाही, ती. त्यांना चिंधी बांधून खूण करावी. त्यांची फुले तोडू नयेत.

फूल झाडावरच वाळू द्यावे. खालची हिरवी वाटी तपकिरी झाली म्हणजे बी पिकले. दव वाळल्यावर ती तोडावी. सावलीत चार दिवस वाळवावी. मग वाटी फोडावी. आत काळ्या, बारीक, लांबट बिया दिसतील. टोकाला फिकट शेंडी असते. काळे बी भरलेले असते. पांढरट बी पोकळ असते, ते टाकून द्यावे.

कोणी विचारील, ‘दसऱ्याचे तोरण वाळले, त्याच फुलांचे बी पेरले तर?’ पेरून पाहायला हरकत नाही. पण ती फुले ताजी असताना तोडलेली. त्यांचे बी पुष्कळदा कच्चे राहते. काही उगवते, काही नाही. शिवाय ती फुले संकरित वाणाची असली तर आईसारखी लेक होत नाही. कुठे लहान फूल, कुठे विरळ फूल. संकरित वाणाचे बी धरू नये. साध्या, सरळ वाणाचेच धरावे.

बी कागदाच्या पुडीत बांधावे. पुडी कोरड्या डब्यात ठेवावी. पुडीवर लिहावे. हे न विसरता करावे. मागे घरोघर पुड्या असत, पण त्यांवर काही लिहिलेले नसे. पाऊस आला की कोणती पुडी कशाची हे कळत नसे. आता आपण लिहू शकतो. असे लिहावे :

झेंडू. केशरी, मोठा. 
पेरले २ जुलै. 
पहिले फूल ९ ऑक्टोबर. 
दिवस ९९. 
बी धरले २५ नोव्हेंबर.

या ९९ आकड्याची किंमत मोठी आहे. वर आम्ही ११० दिवस सांगितले, तो अंदाज आहे. तुमची माती, तुमचे पाणी, तुमचे वाण वेगळे असेल. तुमच्या पुडीवरचा आकडा तुमच्या अंगणाचा आहे. पुढच्या वर्षी तोच धरून दिवस मागे मोजा. बी एक-दोन वर्षे चांगले उगवते. त्याहून जुने ठेवू नका.

११. भाजीच्या शेजारी झेंडू

टोमॅटोच्या शेतात कडेला झेंडू लावलेला तुम्ही पाहिला असेल. तो शोभेसाठी नसतो. टोमॅटोचे फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालायला येतो. अळी झेंडूवर सापडते आणि टोमॅटो वाचतो. टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी असे जाणकार सांगतात. टोमॅटोला फुले येतील त्याच वेळी झेंडूलाही आली पाहिजेत. म्हणून झेंडूचे रोप चाळीस दिवसांचे आणि टोमॅटोचे पंचवीस दिवसांचे घेऊन एकदम लावतात. मात्र झेंडूवरच्या अळ्या वेचून मारल्या पाहिजेत. नाहीतर आपणच अळी पाळल्यासारखे होईल.

झेंडूच्या मुळांतून एक द्रव्य उतरते. ते मातीतल्या सूत्रकृमींना बाधते. सूत्रकृमी म्हणजे मुळांवर गाठी करणारे बारीक जंतू. त्यासाठी सबंध वाफ्यात हंगामभर झेंडू दाट लावावा लागतो. चार झाडांनी ते काम होत नाही.

१२. विकायचा विचार असेल तर

दोन गुंठे झेंडू लावून दसऱ्याला विकावा असे कोणाच्याही मनात येते. जरूर लावा. पण एक पाहा. सगळ्यांच्या मनात तेच येते. दसऱ्याच्या सकाळी चढ्या भावाने विकलेला माल संध्याकाळी रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी रिकाम्या हाताने घरी गेल्याचे आपण पाहिले आहे. म्हणून सारे बी एका दिवशी पेरू नये. तीन भाग करावेत. दर भागात पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे. एक भाग नवरात्राच्या आधी, एक दसऱ्याला, एक दिवाळीला. एकात बुडाले तर दुसऱ्यात तरते.

सण झाल्यावर वाळलेली तोरणे नदीत, विहिरीत टाकू नका. पाणी नासते. दोरा काढून फुले खताच्या खड्ड्यात टाका. तीच माती पुढच्या वाफ्याला उपयोगी पडेल.

दसऱ्याला शाळेत पाटीपूजन असते. मुले पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढतात आणि तिला झेंडूचे फूल वाहतात. यंदा घरातल्या मोठ्यांनीही आपली पाटी पुजावी. सरस्वती आपल्या हाताने काढावी. फूल आपल्या अंगणातले असावे.

शब्दांचे अर्थ

वर्षायू : एका वर्षाच्या आत जन्म पुरा करणारे झाड
मुनवा : झाडाच्या बुडाशी फुटलेले नवे रोप
बेचके : पान आणि दांडा यांमधली जागा
संकरित : दोन वाण मिसळून काढलेले
सूत्रकृमी : मुळांना गाठी आणणारा मातीतला बारीक जंतू

करून पाहा

१. दिनदर्शिकेत येत्या दसऱ्याची तारीख शोधा. तिथून ११० दिवस मागे मोजा. बी पेरण्याची तारीख वहीत लिहा.
२. झेंडूचे फूल फाडून त्यातली लहान फुले मोजा. आकडा लिहा.
३. झेंडूचा शेंडा का खुडावा? तीन वाक्यांत लिहा.
४. घरातल्या बियांच्या एका पुडीवर बियांचे नाव, पेरल्याची तारीख आणि बी धरल्याची तारीख लिहा. शेजाऱ्याला वाचायला द्या.